बहिणीला सिस्टर लोकांच्या होममध्ये ठेवू का?

पत्र लांब होतं, थोडं छोटं करून देतेय.

“मावशी, मी भांडुपला राहते. माझी धाकटी बहीण ३४ वर्षांची आहे. तिचा नवरा बोटीवर असतो, वर्षातले आठ-नऊ महिने घरी नसतो. आधी तो सुट्टीवर आला की दोघं मिळून दारू घ्यायचे, मग ही एकटीच घ्यायला लागली. आता सकाळपासून सुरू होतं, स्प्राइटच्या बाटलीत मिसळून फ्रिजमध्ये ठेवते. रात्री झोपेच्या गोळ्या, त्याही मेडिकलवाला चिठ्ठी न बघता देतो. नोकरी गेली. तिची ९ वर्षांची मुलगी सध्या माझ्याकडे आहे. ऑफिसमधली माझी एक मैत्रीण आहे, मालाडच्या ऑर्लेमची, ती म्हणाली सिस्टर लोकांचं, म्हणजे चर्चच्या नन्सचं, व्यसनी बायकांसाठी एक होम आहे, सहा महिने ठेवून घेतात, प्रार्थना, काउन्सेलिंग सगळं असतं, तिची मावसबहीण तिथून बरी होऊन आली. पण आमचं घर माळकरी. आई म्हणते पोरीची दारू सुटली नाही तरी चालेल पण ती उद्या गळ्यात क्रॉस घालून यायला नको. भाऊ म्हणतो एका सेंटरची गाडी येते, घरातून उचलून नेतात, तिला सांगायचीच गरज नाही. बहीण एक दिवस हो म्हणते, एक दिवस नाही. मी काय करू? आणि भाचीला काय सांगू?”

अगं, होमचं, धर्माचं, भावाच्या गाडीचं सगळं बोलूया, पण आधी एक गोष्ट नीट वाच कारण ती या आठवड्यातच कामाची आहे. तुझ्या बहिणीची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नका. कुणीतरी रागाच्या भरात बाटल्या सिंकमध्ये ओतेल, कुणी बाहेरून कडी लावून बसवेल, आणि जिला सकाळी उठल्या उठल्या घ्यावीच लागते तिची अशी एकदम तोडली तर नुसते हाल होत नाहीत, जीव जाऊ शकतो. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, घाम, उलट्या, धडधड, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काही जणांना भास होतात, समोरचं माणूस ओळखू येत नाही. तुमच्याकडे तर वरून झोपेच्या गोळ्या आहेत. त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा जातीच्या असतील तर त्या एकदम थांबवल्या तरी फिट येते, आणि दारूवर घेतल्या तर झोपेत श्वास मंदावतो. म्हणजे दोन्हीकडून धोका आहे, आणि कुठली किती दिवसांत कशी कमी करायची हे डॉक्टरनेच ठरवायचं, आईने नाही, तू नाही, आणि होमच्या सिस्टरनेही नाही.

त्यामुळे पहिला मुक्काम हॉस्पिटल. केईएम, नायर, सायन, जेजे, जे जवळ पडेल तिथल्या मानसोपचार ओपीडीला जा, केसपेपर काढून रांगेत बसायची तयारी ठेवून सकाळी लवकर निघा. गोळ्यांची रिकामी पाकिटं पिशवीत घे, नावं आठवत बसू नकोस. किती पिते ते खरं सांगा, हे मुद्दाम सांगतेय कारण बाईच्या बाबतीत घरचे हमखास कमी करून सांगतात, क्वार्टरची गोष्ट दोन पेगवर आणतात, आणि डॉक्टर औषधाचा डोस त्या आकड्यावर ठरवतात. लिव्हरची तपासणी होईल, बी-वन व्हिटॅमिन बहुतेक इंजेक्शननेच देतील, प्रेग्नन्सी टेस्ट करतील तर चिडू नका, ती लागते. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं त्यामुळे तेवढीच दारू तिच्या रक्तात जास्त चढते, आणि लिव्हरही पुरुषापेक्षा कमी वर्षांत बिघडतं, म्हणून “तिचा नवरा तर तिच्या दुप्पट पितो, त्याला काही झालं नाही” हे वाक्य घरात कुणी बोललं तर तिथेच थांबव. दरम्यान फिट आली किंवा बरळायला लागली तर ओपीडीची वाट बघायची नाही, १०८ लावायचा नाहीतर सरळ रिक्षात घालून जवळच्या कॅज्युअल्टीत. घरी बसून काही सुचेनासं झालं तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे आणि १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याचा, दोन्ही फुकट आहेत.

आता भावाची गाडी. नको. मला कळतंय तो थकलाय, तुम्ही सगळेच थकला आहात, पण मध्यरात्री चार अनोळखी माणसांनी एका एकट्या बाईला घरातून उचलून गाडीत घालायचं, हे तिच्या बाबतीत होऊ देऊ नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे आजारही येतात. शुद्धीत असलेलं, स्वतःचा निर्णय घेऊ शकणारं माणूस स्वतःच्या सहीने भरती होतं आणि स्वतःच्या सहीने बाहेर येतं. तिच्या मनाविरुद्ध ठेवायचं तर त्याचा ठरलेला रस्ता आहे, दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचार डॉक्टर, त्यांनी तिला वेगवेगळं तपासायचं, तिच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे किंवा ती स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही असं लिहून द्यायचं, आणि तरीही आधी ३० दिवसांपर्यंतच. गाडीवाल्याकडे यातलं काय असतं? आणि असं नेलेली बाई परत आल्यावर पुढची कित्येक वर्षं तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, मग पुढच्या वेळी घसरली तर सांगणार कुणाला?

तसंच दुसरं एक तुझ्या घरात कुणीतरी काढेलच, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती असतात ना, “न सांगता दारू सोडवा”, जेवणात मिसळायची पावडर. त्यात काय असतं ते कुणाला ठाऊक नसतं. आणि दारू सोडवायची जी खरी गोळी आहे, डायसल्फिराम, ती पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, बीपी पडतं, कधी हृदयावर येतं. ती डॉक्टर पेशंटला समजावून, तिच्या मर्जीने देतात. आमटीत टाकून द्यायची वस्तू नाही ती.

एक दिवस हो, एक दिवस नाही, हे वाचून तू वैतागलीयस पण मला त्यात आशा दिसते. दारूच्या माणसाचं असंच असतं गं, दोन मनं एकाच वेळी. तू “हो” च्या दिवसाची तयारी करून ठेव. कपड्यांची बॅग, आधार कार्ड, कुठली ओपीडी कुठल्या वारी ते लिहिलेला कागद, ऑफिसात अर्ध्या दिवसाची रजा मागायची सोय. ती हो म्हणाली की त्याच दिवशी निघायचं, सोमवार चांगला, अमावस्या संपू दे, असलं काही नाही. आणि बोलशील तेव्हा ती कमी प्यायलेली असेल अशा वेळी बोल, आई नसताना, आणि भाचीचं नाव घेऊन रडवू नकोस. ती बाई आधीच शरमेने मेलेली आहे, अजून शरम घातली की ती फ्रिजकडेच जाते.

शरमेचं थोडं जास्त बोलते कारण सगळं तिथेच अडतं. २०१९ साली केंद्र सरकारने देशभराच्या नशेचा सर्व्हे प्रसिद्ध केला, त्यात दारू घेणारे पुरुष २७.३ टक्के आणि बायका १.६ टक्के, म्हणजे एका बाईमागे १७ पुरुष. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांत फक्त एकाला कसलातरी उपचार मिळाला होता. बायकांचं काय होत असेल ते तूच बघ. पुरुष भरती झाला की बायको रविवारी डबा घेऊन येते, मुलांना आणते, फी साठी दागिना मोडते. बाई भरती झाली की नवऱ्याला वेळ नसतो, सासर म्हणतं तिकडेच राहू दे. केंद्रंही बहुतेक पुरुषांचीच, बायकांसाठी वेगळी जागा फार थोड्या ठिकाणी. म्हणून ऑर्लेमच्या मैत्रिणीने सांगितलेलं ठिकाण नुसतं ख्रिश्चन आहे म्हणून यादीतून खोडू नकोस. फक्त बायका असलेली जागा का महत्त्वाची, तर यातल्या बऱ्याच जणींच्या दारूमागे मारहाण असते, लहानपणीचं काहीतरी असतं, ते पुरुषांच्या ग्रुपमध्ये बसून कुणी बोलत नाही.

सगळी ख्रिश्चन होम एका छापाची नसतात हे आधी समजून घे. मुंबईतलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव म्हणजे कृपा फाउंडेशन, १९८१ ला फादर जो परेरांनी बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून सुरू केलं, आणि तिथे बारा पायऱ्यांच्या जोडीला अय्यंगार योग चालतो, फादर स्वतः अय्यंगार गुरुजींकडे शिकलेले. हे आईला आवर्जून सांग. ही बारा पायऱ्यांची पद्धत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे एएची, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहायच्या ग्रुपची, १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावात सुरू झाली, ऑक्सफर्ड ग्रुप म्हणून एक ख्रिस्ती चळवळ होती तिच्यातून ती निघाली, पण पुढे त्यांनी पायऱ्यांमध्येच लिहून ठेवलं की देव म्हणजे ज्याला जसा समजला तसा. तिथे विठ्ठल चालतो, नुसता ग्रुपही चालतो. दुसरा प्रकार आहे तो टीन चॅलेंजसारखा, १९५८ ला न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेला, साधारण वर्षभर राहायचं, आणि तिथे येशूवरचा विश्वास हाच उपचार, बायबलचा अभ्यास हाच दिवसाचा गाभा. त्यांचं म्हणणं ते उघड सांगतात, लपवत नाहीत, आणि तिथे राहून दारू सुटलेली माणसंही आहेत. पण माझं मत विचारशील तर जिला स्वतःला ती श्रद्धा हवीय तिच्यासाठी ते आहे. तुझ्या बहिणीने मागितलेलं नसताना तिला तिथे टाकू नका. म्हणून होमवाल्यांना पहिल्याच भेटीत सरळ विचार, तुमच्याकडे प्रार्थना हा दिवसाचा एक भाग आहे का प्रार्थना म्हणजेच उपचार आहे? चांगली माणसं या प्रश्नाला रागावत नाहीत.

अशा घरांत दिवस कसा जातो ते बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून बहिणीला नेण्याआधी तू एकदा जाऊन ये. मी बघितलेल्या एका घरात सकाळची प्रार्थना झाल्यावर सगळ्या जणी हॉलमध्ये जमिनीवर मेथी निवडत बसल्या होत्या, कुणी मराठी, कुणी कोकणी, कुणी हिंदी बोलणारी, भिंतीवरच्या फळ्यावर खडूने कुणाची भांडी, कुणाचा झाडू, कुणाची काउन्सेलिंगची वेळ ते लिहिलेलं. एक बाई प्रार्थनेला गेलीच नव्हती, बाहेर पायरीवर चहा घेत बसली होती आणि तिला कुणी बोलावतही नव्हतं, टोकतही नव्हतं. आणि ऑफिसात कुलूपबंद कपाट, त्यात प्रत्येकीच्या नावाच्या डब्यात औषधं, शेजारी रजिस्टर, गोळी दिली की देणारीची सही आणि घेणारीचीही सही. मला त्या घराबद्दल भरवसा वाटला तो त्या पायरीवरच्या बाईमुळे आणि त्या रजिस्टरमुळे, भिंतीवर कुणाची तसबीर आहे त्याने नाही.

तू गेलीस की हेच बघ. डॉक्टर येतो का, आठवड्यातून किती वेळा, नाव काय, रात्री फिट आली तर कुठल्या हॉस्पिटलला नेता. रात्री ड्युटीवर बाईच असते ना. राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, कारण ट्रस्ट असो, मिशन असो, मठ असो, उपचारासाठी माणसं ठेवायची तर ती लागते. फोन करता येतो का, भेटायला कधी येऊ, आणि “पहिले तीन महिने कुणालाही भेटायचं नाही” असं म्हणाले तर का ते विचार, कायद्याने पेशंटला फोनचा आणि भेटीचा हक्क आहे. साखळी, दोरी, कोंडून ठेवणं, जबरदस्तीने केस कापणं हे सगळं कायद्याने बंद आहे, आणि काम करून घ्यायचं तर जबरदस्ती नाही. स्वतःचं ताट धुणं वेगळं आणि दिवसभर त्यांच्या शिवणाच्या ऑर्डरी पूर्ण करणं वेगळं. पैशाची पावती मिळते का. अंगावरचं पीत असलेलं बाळ असतं तर तेही विचारायला सांगितलं असतं, तीन वर्षांखालच्या मुलाला शक्यतो आईपासून तोडायचं नाही असं कायदाच म्हणतो, तुझ्या भाचीला ते लागू नाही पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागू असेल.

आणि एक वाक्य ऐकलंस तर तिथून उठून यायचं, “इथे आलं की सगळ्या गोळ्या बंद, देवावर विश्वास ठेवा.” डिप्रेशनची गोळी चालू असलेल्या बाईला असं सांगणारं घर कितीही प्रेमळ असलं तरी धोक्याचं आहे, मग ते चर्चचं असो नाहीतर एखाद्या बाबांचं. प्रार्थनेने धीर येतो, एकटेपणा जातो, रात्रीची तल्लफ आली की धरायला काहीतरी असतं, हे सगळं मी मानते आणि मनापासून मानते, पण फिट थांबवायचं काम औषधाचं आहे.

आता आई. तिच्याशी भांडू नकोस, तिला तिच्याच घरातलं विचार. गावाकडे माळ घातली आणि दारू सुटली अशी दोन-चार माणसं तिला नक्की माहीत असतील. माळेने सुटली हे खरंच आहे, पण माळेबरोबर काय काय आलं ते तिलाच आठवू दे, एकादशी आली, संध्याकाळचं भजन आलं, म्हणजे नेमकी गुत्त्यावर जायची वेळ भरून निघाली, वारीला बरोबर चालणारी माणसं आली, आणि सगळ्या गावाला कळलं की हा आता घेत नाही. सिस्टर लोकांच्या घरात हेच असतं, वेळ भरलेला असतो आणि बरोबर माणसं असतात. फरक एवढाच की तिथे संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना असते. बहिणीला हरिपाठ बरोबर न्यायचा असेल तर न्यायला मिळेल का हेही विचार, आणि हो म्हणाले तर आईला तिच्या हाताने बॅगेत ठेवू दे.

क्रॉसची भीती मी हसण्यावारी नेत नाही. दारू तुटल्यावरच्या त्रासाने, विड्रॉवलने, थरथरत असलेल्या, घरच्यांनी टाकलंय असं वाटणाऱ्या बाईकडून कुणी काही वदवून घेतलं तर ते चूकच आहे, आणि जी घरं नीट चालतात ती असं करत नाहीत. पण वर्षभराने, पूर्ण शुद्धीत, ती स्वतः म्हणाली मला चर्चमध्ये शांत वाटतं, तर ती ३४ वर्षांची बाई आहे, राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने तो तिचा हक्क आहे, आणि आईला मी हात जोडून एवढंच म्हणेन की “सुटली नाही तरी चालेल” हे वाक्य परत बोलू नका, बहिणीच्या कानावर तर अजिबात जाऊ देऊ नका. आईचं मन कशानेच वळलं नाही तर पुण्याचं मुक्तांगण आहे, १९८६ ला डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी सुरू केलेलं, तिथे बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, कुठल्याच धर्माचं नाही, भाषा मराठी. भांडुपहून लांब पडेल पण चौकशी कर, दोन्हीकडे फोन कर आणि दोन्ही पर्याय बहिणीसमोर ठेव. निवडू दे तिला. स्वतः निवडलेल्या जागी माणूस जास्त टिकतं.

सहा महिने संपल्यावरचं आत्ताच ठरवा, बहुतेक घरं इथेच चुकतात. ती त्याच रिकाम्या फ्लॅटमध्ये, त्याच फ्रिजसमोर एकटी परत गेली तर सहा महिन्यांचं सगळं सहा दिवसांत जाईल. काही महिने तुझ्याकडे राहू शकेल का, आणि जमणार नसेल तर आधीच तसं सांग, होमवाल्यांना पुढची सोय विचारता येते. नवऱ्याशी आत्ता व्हिडिओ कॉलवर बोला, सुट्टीवर येताना ड्यूटी फ्रीची बाटली आणायची नाही, आणि घरात तोही घेणार नाही, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या, हिला एकटीला सोबर राहायला सांगून चालणार नाही. एएच्या मीटिंग मुंबईत रोज कुठे ना कुठे असतात, चर्चच्या, शाळांच्या खोल्यांत भरतात, मराठीतही असतात, बायकांची वेगळी मीटिंग कुठे आहे ते विचारून घ्या. तुझ्यासाठी आणि आईसाठी अल-अनॉन आहे, घरच्यांचा ग्रुप, तिथे जा, बहीण सुधारेपर्यंत थांबू नकोस. आणि ती मध्येच घसरली तर परत पहिल्यापासून रडारड नको, लगेच डॉक्टर, लगेच मीटिंग, डायबेटिसवाल्याची साखर वाढली की आपण त्याला घराबाहेर काढत नाही ना.

राहिली भाची. ९ वर्षांच्या मुलीला सगळं माहीत असतं गं, स्प्राइटच्या बाटलीचा वास तिला तुझ्याआधी कळलेला असणार. आई कामासाठी गावी गेली असं सांगू नकोस. सांग की आईला दारूचा आजार झालाय, त्यामुळे तिला स्वतःहून थांबता येत नाही, ती आता बरी व्हायला जातेय, तिथे डॉक्टर आहेत आणि सिस्टर आहेत, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तू जास्त अभ्यास केला असतास किंवा कमी हट्ट केला असतास तरी झालंच असतं. हे शेवटचं दोन-तीनदा सांग, वेगवेगळ्या दिवशी, कारण मुलं ते एकदा ऐकून सोडून देतात आणि रात्री परत तेच घेऊन बसतात. शाळेत फक्त क्लासटीचरला सांग, बाकी कुणाला नाही, आणि मैत्रिणींनी विचारलं तर “आई आजारी आहे, बरी होऊन येणार आहे” एवढं बोलायचं असं दोघींनी मिळून आधीच ठरवा. होमला भेटीचा दिवस कधी असतो ते कळलं की तिच्या खोलीतल्या कॅलेंडरवर तिलाच खूण करायला सांग.